क्लॅमिडियाची चाचणी: कुठे करावी, कोणती मागावी आणि नमुना कसा द्यावा

गेल्या पावसाळ्यात २२ वर्षांची एक मुलगी माझ्या टेबलासमोर बसली आणि तिने पर्समधून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढून पुढे ठेवला. त्यावर ‘क्लॅमिडिया आयजीजी, नमुना: सीरम, निकाल: निगेटिव्ह’ असे छापले होते. दोन महिन्यांपासून तिला अंगावरून पिवळसर जात होते, संबंधानंतर रक्ताचे डाग दिसत होते, आणि या कागदावर विसंबून तिने पुढची तपासणी थांबवली होती. ज्या लॅबने तो रिपोर्ट दिला तिने मागितलेली चाचणी नीटच केली होती, पण मागणीच चुकली होती. रक्तातली ती चाचणी शरीरात आज जंतू आहे की नाही हे सांगू शकत नाही.

नमुने घेण्याच्या कामात अशी उदाहरणे मला वारंवार दिसतात. कोणी औषध सुरू केल्यावर चाचणीला येते, कोणी डबी काठोकाठ भरून आणते, कोणाचा रिपोर्ट वडिलांच्या मोबाइलवर जाऊन पडतो. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग साध्या गोळ्यांनी बरा होतो, परंतु बहुतांश स्त्रियांना आणि बऱ्याच पुरुषांना त्याची काहीच लक्षणे जाणवत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त चाचणीवर राहते. सरकारी दवाखाना, फॅमिली डॉक्टर, तज्ज्ञ आणि खाजगी लॅब या प्रत्येक ठिकाणी ‘क्लॅमिडियाची तपासणी करायची आहे’ असे म्हटल्यावर वेगवेगळी गोष्ट हाती पडते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. हा लेख प्रामुख्याने १८ ते २५ वयाच्या वाचकांसाठी आहे. त्याहून लहान वयाच्या वाचकांसाठी दुसऱ्या टप्प्यात स्वतंत्र सूचना दिली आहे.

टप्पा १: घराबाहेर पडण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून काढाव्यात

पहिली गोष्ट म्हणजे शेवटच्या असुरक्षित संबंधाची तारीख. संसर्ग झाल्यावर जंतूंची संख्या चाचणीत सापडण्याइतकी होण्यास वेळ लागतो, म्हणून संबंधानंतर दोन आठवडे उलटल्यावर दिलेला नमुना भरवशाचा मानतात. लक्षणे असतील तर थांबू नये, लगेच चाचणी करावी; मात्र दोन आठवड्यांच्या आत आलेला निगेटिव्ह निकाल अंतिम न मानता दोन आठवडे पूर्ण झाल्यावर पुन्हा नमुना द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे संबंधाचा प्रकार. योनिमार्ग, मुख आणि गुदद्वार या तिन्ही ठिकाणी हा जंतू राहू शकतो, आणि जिथून नमुना घेतला तिथलेच उत्तर चाचणी देते. गुदद्वाराच्या संसर्गाचा पत्ता लघवीच्या नमुन्यातून लागत नाही. हे सांगताना अनेकांची जीभ अडखळते, म्हणूनच ते आधी लिहून ठेवावे आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवावा.

तिसरी गोष्ट म्हणजे गेल्या चार आठवड्यांत घेतलेली अँटिबायोटिक औषधे. सर्दी-खोकल्यासाठी, मुरुमांसाठी किंवा दाताच्या दुखण्यासाठी घेतलेल्या गोळ्याही यात मोजाव्यात, कारण अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही दोन्ही औषधे या इतर कारणांसाठी सर्रास दिली जातात आणि तीच क्लॅमिडियावरही चालतात. अर्धवट डोसाने जंतू दबतो, चाचणी निगेटिव्ह येते आणि संसर्ग मागे राहतो. चौथी नोंद मुलींनी शेवटच्या पाळीच्या तारखेची करावी आणि पाळी चुकली असल्यास गर्भचाचणी आधी करावी, कारण गरोदरपणात औषध बदलते.

पाचवी नोंद लक्षणांची. मुलींमध्ये अंगावरून पांढरे किंवा पिवळसर जाणे, संबंधाच्या वेळी ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत रक्त जाणे, लघवीला जळजळ होणे. मुलांमध्ये लघवीला जळजळ, लिंगाच्या टोकाशी पाण्यासारखा किंवा पांढुरका स्राव, वृषणात दुखणे. काहीच लक्षण नसेल तर ‘लक्षण नाही’ असे स्पष्ट लिहावे.

इशारा: ताप येऊन ओटीपोटात तीव्र दुखत असेल, पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला कळा येत असतील किंवा चक्कर येत असेल, अथवा वृषण अचानक सुजून असह्य दुखत असेल, तर लॅबची वाट धरू नये. थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. वृषणाला पीळ पडला असल्यास काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते.

टप्पा २: कुठे जायचे ते ठरवावे

सरकारी सुरक्षा क्लिनिक

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवली जातात. तिथली तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत असते. केसपेपर काढताना खिडकीवर सविस्तर कारण सांगण्याची गरज नसते. ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ किंवा मुलींनी ‘स्त्रीरोग विभाग’ एवढे सांगितले तरी पुरते. सर्वांत जवळचे केंद्र कोणते हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येते.

इथे एक गोष्ट समजून घेतली नाही तर निराशा होते. या क्लिनिकची कामाची पद्धत लक्षणसमूहावर आधारलेली आहे. म्हणजे मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव होत असेल तर प्रयोगशाळेच्या निकालासाठी न थांबता गोनोरिया (लैंगिक संबंधातून पसरणारा आणखी एक जंतुसंसर्ग) आणि क्लॅमिडिया या दोन्हींवर एकत्र औषध दिले जाते. औषधांची पाकिटे रंगांवरून ओळखली जातात, आणि या स्रावासाठीच्या राखाडी पाकिटात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम असते. रुग्ण त्याच भेटीत औषध घेऊन जातो, पुन्हा येईल की नाही हा प्रश्न उरत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. परंतु ज्याला लक्षणेच नाहीत तो या चाळणीतून निसटतो, आणि क्लॅमिडियाची रेणवीय चाचणी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर, अशा बहुतेक केंद्रांवर नित्याची नसते. त्यामुळे लक्षणे असलेल्याने, किंवा ज्याच्या जोडीदाराला संसर्ग निघाला आहे त्याने, निःसंकोच इथे जावे. लक्षणे नसलेल्याने समुपदेशकाला थेट विचारावे: “क्लॅमिडियाची पीसीआर चाचणी इथे किंवा महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होते का? होत नसेल तर बाहेरून करण्यासाठी चिठ्ठी द्याल का?” एचआयव्ही आणि सिफिलिसच्या रक्तचाचण्या मात्र इथेच मोफत करून घ्याव्यात. एचआयव्हीच्या चाचणीपूर्वी आपली संमती विचारली जाते; २०१७ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे.

फॅमिली डॉक्टर

ओळखीचे डॉक्टर हे सोयीचे ठिकाण वाटते, आणि काही वेळा ते उत्तमही असते. अडचण दोन ठिकाणी येते. लघवीला जळजळ एवढेच सांगितले तर साध्या मूत्रसंसर्गाची गोळी मिळते, आणि त्यासाठी नेहमी दिले जाणारे नायट्रोफ्युरॅन्टॉइन क्लॅमिडियावर चालत नाही. जळजळ दोन दिवस कमी-जास्त होते, रुग्णाला बरे वाटल्याचा भास होतो आणि महिना निघून जातो. म्हणून “माझे लैंगिक संबंध आले आहेत, मला क्लॅमिडिया आणि गोनोरियाची पीसीआर हवी आहे” हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत बोलावे. दुसरी अडचण घरच्यांच्या ओळखीची. डॉक्टरांवर गोपनीयतेचे बंधन असते, परंतु कंपाउंडर आणि बाहेर बसलेले शेजारी यांची खात्री देता येत नाही. मनात शंका असेल तर दुसऱ्या भागातला दवाखाना निवडण्यात गैर काही नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ

मुलांना बहुतेक वेळा ठाऊकच नसते की त्वचारोगतज्ज्ञाच्या शिक्षणात गुप्तरोग हा विषय अभ्यासक्रमाचाच भाग असतो. पाटीवर ‘त्वचा, केस व नखे’ एवढेच लिहिलेले असले तरी हे दुखणे त्यांच्याकडे दाखवता येते.

मुलींच्या बाबतीत एका प्रश्नाची आधीच तयारी ठेवावी: “लग्न झाले आहे का?” आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत लैंगिक संबंधांविषयी सरळ विचारण्याऐवजी हा प्रश्न येतो. अविवाहित मुलगी प्रामाणिकपणे “नाही” म्हणते, आणि त्या एका शब्दाने पुढची योग्य तपासणी टळते. अशा वेळी “लग्न झालेले नाही, पण संबंध आले आहेत” असे पूर्ण उत्तर द्यावे. सोबत आई किंवा बहीण असेल तर “मला डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटीला बोलायचे आहे” अशी विनंती नर्सकडे करावी. तपासणीच्या वेळी स्त्री मदतनीस उपस्थित असावी असा आग्रह धरता येतो, आणि तो धरावाच.

थेट खाजगी लॅब

लक्षणे नसतील, फक्त खात्री करायची असेल आणि खर्च परवडत असेल तर हा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे. मात्र बरीच प्रयोगशाळा-केंद्रे पीसीआरचा नमुना मुख्य लॅबकडे पाठवतात, म्हणून निकालाला काही दिवस लागू शकतात. नोंदणी करण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी विचाराव्यात: चाचणी पीसीआरची आहे का, नमुना कशाचा घेणार, डबी किंवा स्वॅब (नमुना घेण्याची काडी) कोण देणार, आणि रिपोर्ट कोणत्या क्रमांकावर जाणार. प्रयोगशाळेला राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असल्यास चांगलेच, परंतु ती मान्यता या विशिष्ट चाचणीलाही लागू आहे का, हेही विचारावे.

रिपोर्टच्या क्रमांकाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सर्वाधिक मनस्ताप त्यानेच होतो. घरातल्या सर्वांची वार्षिक तपासणी एकाच लॅबमध्ये झालेली असेल तर संपूर्ण कुटुंबाची नोंद वडिलांच्या मोबाइलवर असण्याची शक्यता मोठी. नाव सांगताच काउंटरवरचा कर्मचारी जुनी नोंद उघडतो, आणि बिल, संदेश, रिपोर्ट असे सगळे त्याच क्रमांकावर रवाना होते. म्हणून “माझी नवीन नोंद करा, हा माझा स्वतःचा क्रमांक आणि ईमेल” असे सांगून, पडद्यावरचा क्रमांक स्वतः वाचून मगच पैसे भरावेत. घरी येऊन नमुना घेण्याची सोय निवडल्यास दारात कोण उभे राहणार आणि बिलावर चाचणीचे नाव छापून येणार का, याचाही आधी विचार करावा.

शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईहून इंग्लंडला शिकायला गेलेली मुले अनेकदा सुट्टीत घरी आल्यावर इथे चाचणी करू पाहतात, याचे मला वाईट वाटते, कारण तिथली व्यवस्था या बाबतीत बरीच सोपी आहे. इंग्लंडमध्ये २५ वर्षांखालील तरुणांसाठी राष्ट्रीय क्लॅमिडिया तपासणी कार्यक्रम आहे. जून २०२१ पासून त्याचा रोख बदलला असून डॉक्टरांचा दवाखाना किंवा औषधाचे दुकान अशा ठिकाणी लक्षणे नसतानाही आपणहून चाचणी सुचवण्याची सोय मुख्यतः तरुण स्त्रियांसाठी ठेवली आहे. तरुण पुरुषांनी त्यामुळे कोणी विचारण्याची वाट पाहू नये. सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये त्यांची चाचणी होतेच. लैंगिक संसर्गाचे निदान आणि उपचार तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत व्हिसाचा प्रकार न पाहता मोफत असतात. क्लिनिकची नोंद वेगळी ठेवली जाते आणि आपल्या परवानगीशिवाय ती सहसा फॅमिली डॉक्टरांकडे जात नाही. अनेक भागांत नमुन्याचे किट पोस्टाने घरी मागवता येते. ते आपल्या पत्त्यावर मिळते का हे स्थानिक सेवेच्या संकेतस्थळावर पाहावे. लक्षणे असतील तर किटवर अवलंबून न राहता क्लिनिकची वेळ घ्यावी.

१८ वर्षांखालील वाचकांसाठी

भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी झालेल्या लैंगिक संबंधांची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवण्याचे बंधन डॉक्टरांवरही आहे. हे आधी ठाऊक असावे, पण त्या भीतीने दुखणे अंगावर काढू नये. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी चालणारी ‘मैत्री’ क्लिनिक आणि तिथले समुपदेशक ही बोलण्यासाठी योग्य जागा आहे. संबंध बळजबरीने झाला असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

टप्पा ३: काउंटरवर चाचणीचे पूर्ण नाव सांगावे

मागायची चाचणी अशी: ‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस आणि गोनोरिया, पीसीआर पद्धतीने’. काही लॅबमध्ये तिलाच ‘नॅट’ असे म्हणतात. ती जंतूचा जनुकीय अंश शोधते, त्यामुळे जंतू थोडे असले तरी सापडतात. गोनोरिया सोबत असण्याचे कारण असे की दोन्ही संसर्ग अनेकदा एकत्र आढळतात आणि त्यांची औषधे वेगळी आहेत.

खालील चाचण्या क्लॅमिडियासाठी म्हणून स्वीकारू नयेत. रक्तातली आयजीजी किंवा आयजीएम चाचणी पूर्वीच्या संपर्काच्या खुणा दाखवते, आजचा संसर्ग नाही. लघवीच्या कल्चरमध्ये हा जंतू वाढतच नाही, कारण त्याला वाढण्यासाठी जिवंत पेशी लागते. पॅप स्मिअर ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी आहे, तिचा इथे उपयोग नाही. फुप्फुसांच्या आजारात तपासला जाणारा क्लॅमिडिया न्यूमोनिए हा तर निराळाच जंतू आहे, आणि संगणकाच्या यादीत दोन्ही नावे एकाखाली एक येत असल्याने चुकीची नोंद होऊ शकते.

पॅकेजबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ‘एसटीडी फुल पॅनेल’ असे नाव पाहून पैसे भरू नयेत. काही पॅकेजांत क्लॅमिडियाच्या नावाखाली रक्तातली आयजीजीच असते. उलट काही महागड्या पॅनेलमध्ये एका नमुन्यातून बरेच जंतू शोधतात, आणि त्यांत युरिआप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा होमिनिस यांसारखे निरोगी माणसांतही आढळणारे जंतू ‘सापडले’ म्हणून ठळक अक्षरांत छापून येतात. मग घाबरून अनावश्यक अँटिबायोटिक सुरू होते. जे शोधायचे आहे तेवढेच शोधावे.

पडताळणी: पैसे भरण्यापूर्वी पावतीवर तीन शब्द दिसायला हवेत: ट्रॅकोमॅटिस, पीसीआर किंवा नॅट, आणि नमुन्याचा प्रकार म्हणून स्वॅब किंवा लघवी. ‘सीरम’ किंवा ‘ब्लड’ असे असेल तर पावती तिथेच बदलून घ्यावी.

टप्पा ४: नमुना देणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून तो सावकाश वाचावा.

मुलांसाठी: लघवीचा नमुना

नमुन्यापूर्वी निदान एक तास, आणि लॅबने सांगितले असल्यास दोन तास, लघवी केलेली नसावी. लिंगाचे टोक आधी धुऊ किंवा पुसू नये. डबीचे झाकण उघडून आतल्या बाजूला बोट न लावता पहिल्या धारेपासूनच लघवी डबीत घ्यावी आणि साधारण २० ते ३० मिलिलिटर झाल्यावर डबी बाजूला करून उरलेली लघवी शौचकुपात करावी. जंतू मूत्रमार्गाच्या भिंतीवर असतात आणि पहिली धार त्यांना सोबत घेऊन येते.

इथे सवय आड येते. लघवीच्या कल्चरसाठी आपल्याला नेहमी ‘पहिली धार सोडा, मधली घ्या’ असे सांगितलेले असते; क्लॅमिडियासाठी ते नेमके उलट आहे. डबीच्या बाहेर २०, ४०, ६० अशा रेषा असतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक डब्या ६० च्या वर, झाकणाला टेकलेल्या असतात. अशा भरलेल्या डबीत पहिल्या धारेतले जंतू पातळ होऊन जातात. “थोडी ओतून टाकतो” असे कोणी म्हटले तरी उपयोग नसतो, कारण तोवर सगळे मिसळलेले असते. मग एक तास बसून पाणी बेताने पीत पुन्हा नमुना द्यावा लागतो. पहिल्या खेपेलाच २० आणि ४० च्या मध्ये थांबावे.

मुलींसाठी: योनिमार्गाचा स्वॅब

मुलींमध्ये लघवीपेक्षा योनिमार्गाचा स्वॅब अधिक भरवशाचा असतो, आणि तो स्वतः घेतला तरी डॉक्टरांनी घेतल्याइतकाच चालतो. लॅबने विचार न करता लघवीची डबी हातात दिली तर “योनिमार्गाचा स्वॅब मिळेल का?” असे विचारावे. स्वॅब शक्य नसेल तर लघवीही चालते, तेव्हा वर मुलांसाठी सांगितलेलाच नियम पाळावा.

स्वॅब म्हणजे कानाच्या काडीसारखी, पण लांब आणि एकाच टोकाला मऊ बोंड असलेली काडी. सोबत थोडा द्रव भरलेली नळी असते. आधी हात साबणाने धुवून कोरडे करावेत. नळीचे झाकण उघडून ती सांडणार नाही अशी जवळ उभी ठेवावी आणि मगच काडीचे पाकीट फोडावे. काडी मधोमध असलेल्या खुणेच्या जवळ धरावी, बोंडाला हात लागू देऊ नये. एक पाय शौचकुपाच्या कडेवर ठेवून किंवा गुडघे वाकवून उभे राहावे, काडी साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांइतकी, आत सरकवावी आणि भिंतीला स्पर्श होईल अशी हळूहळू १० ते ३० सेकंद फिरवावी. दुखत असेल तर दिशा किंचित पाठीकडे करावी, जोर लावू नये. बाहेर काढताना कातडीला न टेकवता थेट नळीत घालावी, खुणेवर काडी मोडावी आणि झाकण आवाज होईपर्यंत घट्ट फिरवावे.

आदल्या दिवसापासून योनिमार्गात क्रीम, गोळी किंवा धुण्याचे द्रव वापरू नये. पाळी सुरू असल्यास, विशेषतः रक्तस्राव जास्त असल्यास, लॅबला आधी विचारावे. नळीतला द्रव सांडला तर नवी नळी मागावी, त्यात पाणी घालू नये. तो द्रव त्वचेवर उडाल्यास लगेच पाण्याने धुवावा आणि तो पिण्याचा किंवा आत लावण्याचा नाही हे लक्षात ठेवावे.

गुदद्वार आणि घसा

तिथे संबंध आला असेल तर त्या जागेचा वेगळा स्वॅब मागावा आणि प्रत्येक नळीवर जागेचे नाव लिहिले गेले का ते पाहावे. प्रत्येक लॅब हे नमुने स्वीकारत नाही, म्हणून आधी फोन करावा.

पडताळणी: नळी किंवा डबी हातातून सोडण्यापूर्वी तिच्यावर आपले नाव, वय, तारीख आणि वेळ आहे ना, हे वाचून घ्यावे.

टप्पा ५: रिपोर्ट वाचणे

निकालाच्या ओळीवर थेट उडी मारू नये. आधी नाव, मग नमुन्याचा प्रकार, मग पद्धत आणि शेवटी निकाल असा क्रम ठेवावा. ‘डिटेक्टेड’ म्हणजे संसर्ग आहे, ‘नॉट डिटेक्टेड’ म्हणजे त्या नमुन्यात सापडला नाही. ‘इनव्हॅलिड’ किंवा ‘इनहिबिटेड’ म्हणजे चाचणीच पूर्ण होऊ शकली नाही. त्याला निगेटिव्ह समजू नये आणि पुन्हा नमुना द्यावा.

निकाल निगेटिव्ह आहे पण लक्षणे कायम आहेत, अशा वेळी पहिल्या टप्प्यातला कागद पुन्हा काढावा: दोन आठवडे झाले होते का, अँटिबायोटिक चालू होते का, योग्य जागेचा नमुना होता का. तिन्ही उत्तरे ठीक असतील तर दुखण्याचे कारण दुसरे असू शकते, आणि त्यासाठी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणे आवश्यक आहे.

निकाल पॉझिटिव्ह आला म्हणून जोडीदाराने अलीकडेच फसवले असा निष्कर्ष काढता येत नाही. लक्षणांविना हा संसर्ग अनेक महिने राहू शकतो, आणि तो नेमका कधी झाला हे कोणतीही चाचणी सांगत नाही.

टप्पा ६: औषध पूर्ण करणे

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे. मेडिकलच्या दुकानातून स्वतः गोळ्या घेऊ नयेत. गरोदर नसलेल्यांसाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, हा सध्या पहिल्या पसंतीचा उपचार आहे. गरोदरपणात ते देत नाहीत, तिथे अझिथ्रोमायसिन वापरतात. म्हणून पाळी चुकली असल्यास ते आवर्जून सांगावे.

डॉक्सिसायक्लिनची गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. रात्रीची गोळी झोपण्यापूर्वी घोटभर पाण्याने घेणे ही नेहमीची चूक आहे. तिची वेळ रात्रीच्या जेवणाशी जोडावी. दूध, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधे यांत आणि या गोळीत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. त्या आठवड्यात कडक उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून अंग झाकून बाहेर पडावे. जळजळ तिसऱ्या दिवशी थांबली तरी १४ गोळ्या पूर्ण कराव्यात. गुदद्वारात दुखणे, रक्त किंवा पू असेल तर उपचार अधिक दिवस लागू शकतो. ते डॉक्टरांना वेगळे सांगावे.

इशारा: सात दिवसांचा उपचार संपेपर्यंत, आणि एकच डोस घेतला असल्यास त्यानंतर सात दिवस, कोणताही लैंगिक संबंध ठेवू नये. कंडोमसहही नाही. जोडीदाराचा उपचार बाकी असेल तर तो पूर्ण होईपर्यंत थांबावे.

टप्पा ७: जोडीदाराला सांगणे

उपचार फसण्याचे पुष्कळदा दिसणारे कारण म्हणजे जोडीदाराला औषध न मिळणे. गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदारांना कळवावे असे अमेरिकेतील मार्गदर्शन आहे. इंग्लंडमध्ये लक्षणे नसलेल्यांसाठी सहा महिने मागे जातात. आपण निदान दोन महिने धरावेत, शक्य असल्यास जास्त. संदेश छोटा आणि दोषारोप नसलेला असावा: “माझी क्लॅमिडियाची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. हा गोळ्यांनी बरा होतो. लक्षणे नसली तरी तूही डॉक्टरांना दाखव, आणि माझा रिपोर्ट हवा असेल तर देते.” आपल्या गोळ्या अर्ध्या वाटून घेऊ नयेत, दोघांचाही उपचार त्याने अपुरा राहतो. सांगितल्यास मारहाणीची किंवा बदनामीची भीती असेल तर स्वतः सांगण्याची सक्ती करून घेऊ नये. सुरक्षा क्लिनिकच्या समुपदेशकाकडे हा प्रश्न मांडावा.

टप्पा ८: पुन्हा चाचणी, पण योग्य वेळी

औषध संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी खात्रीसाठी चाचणी करणारे बरेच भेटतात. मेलेल्या जंतूंचे अंश काही आठवडे राहतात आणि पीसीआर तेही पकडते, त्यामुळे विनाकारण पॉझिटिव्ह निकाल येऊन पुन्हा औषध सुरू होते. गरोदर स्त्रियांना, गोळ्या चुकवलेल्यांना आणि लक्षणे न थांबलेल्यांना उपचारानंतरची खात्री करून घ्यावी लागते. तीही सुमारे चार आठवड्यांनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

इतर सर्वांनी उपचारानंतर तीन महिन्यांनी चाचणी करावी. ही चाचणी औषध लागू पडले का हे पाहण्यासाठी नसून पुन्हा संसर्ग झाला आहे का हे पाहण्यासाठी असते, आणि तरुण वयात तो पुन्हा होण्याचे प्रमाण बरेच असते. शेवटच्या गोळीच्या दिवशीच मोबाइलमध्ये तीन महिन्यांनंतरची तारीख नोंदवावी, आणि नोंदीत ‘तपासणी’ असे मोघम न लिहिता ‘ट्रॅकोमॅटिस पीसीआर, स्वॅब’ किंवा ‘ट्रॅकोमॅटिस पीसीआर, पहिल्या धारेची लघवी’ असे लिहावे, म्हणजे त्या दिवशी काउंटरवर काय मागायचे ते आठवावे लागणार नाही.